शुक्रवारची रात्र कुठली

आडगाव, नाशिक
संक्रांतीनंतरचा गुरुवार, २००६

प्रिय साधना,

आधी एक सांगते, मोतीरामभाऊंना बोल लावू नकोस. तू येणार हे सांगायला ते आले नव्हते, त्यांच्या मोहिनीच्या लग्नाच्या फुलांचं ठरवायला आले होते. तुझे मोठे दीर असले तरी पोटात काही राहत नाही त्यांच्या, बोलता बोलता निघून गेलं. मग जीभ चावली आणि म्हणाले, लंकाताई, साधना म्हणाली होती अक्काला आधी कळवू नका, लग्नात भेट होईलच. मी म्हटलं, बरं. आत काय झालं ते माझं मला ठाऊक. आई गेली त्याला आठ वर्षं होत आली, आणि तू माझ्याशी नीट बोललीस त्यालाही तेवढीच. दिवाळीला फोन करतेस. दाजी कसे आहेत, कुंदन काय करतो, विहिरीला पाणी आहे का. माझा आवाज आला की नुसतं 'हं'. मी कशी आहे हे तू विचारत नाहीस आणि मीही मोठी शहाणी, आपणहून सांगत नाही. दोघीच बहिणी, तिसरं कुणी नाही, आणि बोलणं असं की दोन गावचे सरपंच तहसीलदारासमोर बसलेत.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. कुंदन म्हणाला, आई तू सांग, मी कम्प्युटरवर टाकतो, तासाभरात मावशीला पोचेल. म्हटलं, तासाभरात पोचायला नकोय मला. ते वाचून तू तासाभरात पुसून टाकशील. कागद असला की निदान फाडायला तरी हातात धरावा लागतो. शुद्धलेखन बघू नकोस. तुझा पाळणा हलला आणि मला चौथीतून उठवलं, ऱ्हस्व-दीर्घ पाचवीत शिकवत असतील. आणि तिळगूळ पत्रात घालता येत नाही म्हणून घातला नाही, नाहीतर ठेवलाय.

तू पहिल्यांदा गेलीस ते साल आठवतंय का? चौऱ्याण्णव. दिनेशराव आदल्या संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसले होते आणि आई त्यांच्यासमोर पाय पसरून. तिनं विचारलं, जावईबापू, तुमचं ते टोरांटो किती लांब? ते म्हणाले, मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर. आईला साडेबारा हजार म्हणजे काय कळणार? ती म्हणाली, तसं नको, वणीच्या गडाच्या हिशेबात सांगा. दर चैत्रात ती गडावर पायी जायची, तिच्या पायांना तेवढंच माप ठाऊक. दिनेशरावांनी बिचाऱ्यांनी बोटांवर मोजून मोजून हिशेब केला आणि म्हणाले, इथून गडावर दोनशेच्या वर वेळा चालत जायचं, तेवढं. आईनंही बोटं मोजली. मग म्हणाली, वर्षाला एकदा म्हटलं तर तीन-चार जन्म लागतील. मी चुलीपाशी होते, मी ओरडले, अगं बाई, ती विमानात बसणार आहे, चालत नाही निघाली! सगळे हसले. तू पण हसलीस. आई नाही हसली. तिनं पुढचं विचारलं, मग विमानाला किती लागतं? दिनेशराव म्हणाले, मुंबईहून लंडनला नऊ-साडेनऊ तास, तिथं बसून राहायचं, मग पुढं आठ तास. येताना जरा कमी, कारण येताना वारा पाठीमागून असतो. बाकीचं मी विसरले, पण वारा माझ्या डोक्यात पक्का बसला. म्हटलं, एवढं मोठं धूड, त्यालाही आपल्या सायकलीसारखा वारा लागतो!

दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात आणि आईनं केरसुणी उचलून माळ्यावर टाकली. माणूस वाटेला लागलं की ते पोचेपर्यंत घरातला केर काढायचा नाही, हे तुला ठाऊकच आहे. आपण वणीला गेलो, सिन्नरला गेलो, तर संध्याकाळपर्यंतचा प्रश्न. पण तू गेलीस टोरांटोला. एक दिवस गेला, रात्र गेली, परत दिवस उजाडला. अंगणात कोंबड्यांनी घाण केलेली, ओसरीवर मातीच माती, झेंडूच्या पाकळ्या पायात येतायत, आणि ही बाई दारात बसून. मी तणतणले, आई, पाखरूसुद्धा एवढा वेळ वर राहत नाही, उतरली असेल ती कधीच. ती म्हणाली, देवराम हाक मारील तेव्हा उतरली. देवरामच्या घरी फोन होता तेव्हा, सगळ्या गल्लीचा एकच. शेवटी त्यानं कंपाउंडवरून हाक मारली, आजी, पोचली गं तुझी पोर! आई उठली, केरसुणी काढली आणि मला हात लावू दिला नाही. सगळं घर तिनं स्वतः झाडलं, गोठ्यापर्यंत.

त्यानंतर ती वर बघायला शिकली. ओझरची विमानं आपल्या शिवारावरून जातात. आवाज येतो तोवर विमान पुढं निघून गेलेलं असतं. तर ही फुलं तोडता तोडता कपाळावर हात धरून उभी राहायची आणि विचारायची, हे साधनाच्या गावाला जातं का गं? मी म्हणायचे, आई, ती लढाईची विमानं, त्यात एक माणूस बसतो, तोही शिरस्त्राण घालून. ती म्हणायची, एक बसतो ना? मग येताना तिला घेऊन येईल की मांडीवर. आणि स्वतःच हसायची. ती थट्टा करतेय का खरंच म्हणतेय ते मला कधी कळलं नाही. मी आपली, चल हात चालव, बाजार सापडला पाहिजे. फुलबाजारात उजाडायच्या आत पाटी उतरली नाही तर झेंडू कोण विचारतो? असं माझं कायम. कधी तिच्याबरोबर वर बघून उभी राहिले असते तर चार पाट्या कमी गेल्या असत्या, एवढंच.

आता त्या वैशाखाचं लिहिते. आजवर हे आपण दोघींनी भांडतानाच बोललोय, सरळ कधीच बोललो नाही. म्हणून सरळ लिहिते. बुधवारी दिवस मावळताना आई गेली. चहा प्यायली, पदर झटकला, उठायला गेली आणि बसली ती बसलीच. मी देवरामकडं पळाले. तुमच्याकडं सकाळ होती. दिनेशरावांनी फोन उचलला, तू मागं रडत होतीस ते मला ऐकू आलं. ते म्हणाले, तिकीट बघतो, कळवतो. मी तोवर कुंदनला बर्फाच्या कारखान्यात पाठवलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कशाला, सकाळी उरकून घ्या, ऊन बघा काय आहे. मी म्हटलं, माझी बहीण आल्याशिवाय उचलायचं नाही. हे मी म्हटलं, साधे. देवाशपथ म्हटलं. देवरामच्या आईला विचार, ती अजून आहे.

मग फोन आला. मीच घेतला, दुसऱ्या कुणी नाही. आवाज मागंपुढं व्हायचा, माझंच बोलणं मला परत ऐकू यायचं. दिनेशराव म्हणाले, तिकीट मिळालं, शुक्रवारी रात्री बारा चाळीसला मुंबईत उतरेल. मी विचारलं, शुक्रवारी? ते म्हणाले, हो, शुक्रवारी. मी विचारलं, रात्री? ते म्हणाले, हो, रात्री बारा चाळीस. मी घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं. शुक्रवारी रात्री उतरणार, म्हणजे शनिवारी उजाडता घरी. गल्लीतले म्हातारे भिमाजी आप्पा पायरीवर बसले होते. त्यांनी काठी टेकवली आणि म्हणाले, लंके, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन रात्री. वैशाख आहे. म्हातारीचे हाल करू नको. मी भांडले. बर्फाच्या आणखी लाद्या आणते म्हटलं. गुरुवारी दुपारपर्यंत मी धरून बसले. खालून पाणी वाहत होतं, पोतं भिजून ओसरीवर ओघळ आला होता. मग मी आईच्या तोंडाकडं बघितलं आणि मला ते बघवेना. म्हणून हो म्हटलं. उन्हं कलल्यावर अमरधामला नेलं. कुंदननं अग्नी दिला. आणि देवरामला मी सांगून ठेवलं, शुक्रवारी दुपारी जीप काढ, साधनाला आणायला मुंबईला जायचंय. त्यानं त्याच संध्याकाळी जीप धुऊन ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी मी अंगण झाडत होते. लाह्या, गुलाल, फुलांचा चुरा, लोकांच्या पायांची माती. गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी टॅक्सी थांबली. मला वाटलं कुणाचे पाहुणे चुकले. तू उतरलीस. केस विस्कटलेले, हातात एवढीशी बॅग, अंगावर तो जाड कोट, आपल्या वैशाखात. मी केरसुणी धरून तशीच उभी, आणि तोंडातून निघालं, तू आज कशी?

तेवढंच. तू आज कशी. मी घड्याळासारखं बोलले गं. उद्या येणार होतीस, आज कशी आलीस, असं. पण तू काय ऐकलंस ते मला तुझ्या तोंडावर दिसलं. तू विचारलंस, आई कुठं ठेवलीय? ओसरीवर ओघळ वाळलेला, अंगण निम्मं झाडलेलं.  तुला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि मग जे झालं ते गल्लीनं ऐकलं. तू म्हणालीस, दिनेशनं वार सांगितला होता, वेळ सांगितली होती, एक माणूस तिथं आलं नाही, परक्यासारखी मी बाकावर बसून राहिले. मी म्हटलं, शुक्रवारी सांगितलं होतं. तू म्हणालीस, मग मी शुक्रवारीच आले ना? मी म्हटलं, शुक्रवारी रात्री सांगितलं होतं! तू म्हणालीस, मग रात्रीच उतरले ना! मी म्हटलं, जीप सांगितली होती. तू म्हणालीस, मग आली का नाही? आता आठवलं की वाटतं, दोन वेड्या बायका एकाच भिंतीला दोन बाजूंनी धडका देतायत. मला वाटलं दिनेशरावांनी आधीचं तिकीट काढलं आणि मला कळवलं नाही. तुला वाटलं मी खोटं बोलतेय, घाईनं उरकलं आणि आता तोंड लपवतेय. माझी घाई तुला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळं पटलंच असेल. आणि मग मी ते बोलले. साडेबारा हजार किलोमीटर लांब जाऊन तू बसायचं आणि आईनं उन्हात पडून तुझी वाट बघायची, होय?  त्यानंतर तू माझ्याशी बोललीच नाहीस.

भिमाजी आप्पांनी आपल्या परीनं मिटवायला बघितलं. ते म्हणाले, पोरींनो, कुणी खोटं नाही. विमान लवकर पोचलं. येताना वारा पाठीचा असतो. आणि हे मला पटलं! हसू नकोस. दिनेशरावच म्हणाले होते ना ओट्यावर, येताना वारा पाठीमागून असतो. वैशाखात वारा सुटलेला, म्हटलं, आणलं असेल ढकलत एक दिवस आधी. एसटी उशिरा येते तर विमान लवकर का येणार नाही? आठ वर्षं मी त्या वाऱ्याला शिव्या दिल्यात. मळ्यात जोराचा वारा आला, शेवंती आडवी झाली, की मला शेवंतीचं वाईट वाटायचं नाही. वाटायचं, तेव्हा एवढ्या जोरात यायची काय गरज होती मेल्या?

रामकुंडावर दहावा झाला, तेरावं झालं आणि तू एकलहऱ्याला सासरी गेलीस. तिथून परस्पर विमानाला. निघताना आपल्या दारात आलीस, दाजींच्या पाया पडलीस, कुंदनच्या डोक्यावरून हात फिरवलास. माझ्यासमोर उभी राहिलीस, आणि मी म्हटलं, जपून जा. त्या वेळी तुला पोटाशी धरायला काय हरकत होती? हात पिठाचे होते, हे कारण मी स्वतःला दिलं. नंतर केरसुणी मी माळ्यावर टाकली. देवरामला सांगितलं, फोन येईल, हाक मार. एक दिवस गेला, दुसरा गेला. दाजी म्हणाले, आता काढ केर, पोचली असेल. मी म्हटलं, देवराम हाक मारील तेव्हा. आईच बोलत होती माझ्या तोंडून. देवरामनं हाक मारलीच नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मोतीरामभाऊंकडून उडत उडत कळलं, तिकडं फोन आला होता, सुखरूप आहे. मग काढला केर. पण तो दुसऱ्याच्या निरोपावर काढलेला केर. आपल्या घरी तू पोचलीच नाहीस, असं मला तेव्हापासून वाटतं.

आता परवाचं ऐक. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोतीरामभाऊ आले. मी मांडीवर पाटी घेऊन झेंडूचे देठ खुडत होते. ते सांगत होते, मांडवाला पिवळा झेंडू, कमानीला शेवंती, आणि मग ते तुझं निघालं. साधना पुढच्या महिन्यात शनिवारी रात्री पावणेदोनला उतरतेय, आम्ही शुक्रवारी जेवणं उरकून गाडी काढणार. मला राहवेना. म्हटलं, अहो भाऊ, लग्नघर आहे का धर्मशाळा? शनिवारी उतरणारी बाई आणि तुम्ही शुक्रवारी गाडी काढता? एक आख्खा दिवस तिथं काय मच्छर मारणार? ते हसले. म्हणाले, ताई, तुमचं आमच्या तिसऱ्या पाळीसारखं झालं. मी म्हटलं, कसं? तर म्हणाले, अहो, आमच्या वीजकेंद्रात बारा वाजता पाळी लागते. गुरुवारी रात्री डबा घेऊन घरातून निघतो आणि हजेरी शुक्रवारची लागते. नवीन पोरं हमखास चुकतात, शुक्रवारी रात्री डुलत डुलत येतात आणि खाडा पडलेला असतो. विमानाचंही तेच, बारा वाजले की तिकिटावर वार बदलतो.

माझे हात थांबले. मी विचारलं, भाऊ, मग तिकिटावर शुक्रवारी रात्री बारा चाळीस असेल तर? ते म्हणाले, तर गुरुवारची रात्र, ताई. गुरुवारी जेवून न्यायला निघायचं.

पाटी कधी सांडली मला कळलं नाही. ते घाबरले, सुनेला हाक मारली, पाणी आणा म्हणाले, लंकाताईंना घेरी आली. मला घेरी नव्हती आली. मला सगळं लख्ख दिसत होतं. आपल्याकडं रात्र ही मावळलेल्या दिवसाची असते, साधे. शुक्रवारचा उपास धरला तर तो शनिवारी सकाळी सुटतो. रात्री बारा वाजता उठून भाकरी कोण खातं? कोंबडं आरवेपर्यंत शुक्रवारच. मी शंभरदा ऐकलं असतं तरी हेच समजले असते. दिनेशराव तिकीट वाचत होते आणि मी वार ऐकत होते. त्यांनी खरं सांगितलं, मी खरं ऐकलं, तू सांगितलेल्या वेळेला उतरलीस, आणि मध्ये एक आख्खी रात्र कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. कुणाची चूक असती तर बरं झालं असतं. त्याला शिव्या तरी दिल्या असत्या, नाहीतर त्यानं पाय तरी धरले असते. रात्री ह्यांना सांगितलं. तुला दाजी ठाऊक आहेत, बोलायला लागले तर पाऊस पडेल. आढ्याकडं बघत म्हणाले, म्हणजे वारा नव्हता तर.

वारा नव्हता. एक रात्र थांबायचं होतं फक्त. बर्फाच्या अजून दोन लाद्या, बस. गुरुवारी उन्हं कलताना कुंदननं अग्नी दिला तेव्हा तू कुठं होतीस, ह्याचा हिशेब मी परवापासून करतेय. दिनेशरावांचे ते तास आठवून आठवून मांडले, कुंदनकडून तिकडच्या घड्याळाचं विचारून घेतलं. तू तेव्हा लंडनहून नुकतीच उठली होतीस. म्हणजे तोंड इकडं करून येत होतीस. आम्ही आईला चितेवर ठेवत होतो आणि तू विमानात कमरेला पट्टा बांधून म्हणत असशील, आता थोडंच राहिलं. हे मला फार लागतं. तू बाकावर बसलीस ते त्याहून. मी मुंबईचा सहार विमानतळ बघितलेला नाही, पण तो बाक मी आता रोज बघते. माणसं माणसांना ओढून नेतायत, हार घालतायत, आणि माझी बहीण, जिला मी कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहायचे, ती त्या जाड कोटात बसून दाराकडं बघतेय की अक्का येईल. एवढी घाईची अक्का, उशीर कसा करील. आणि अक्का घरी हातरुणावर पडून म्हणतेय, उद्या रात्री साधना येईल.

तर हे सगळं लिहायचं कारण. शनिवारी रात्री पावणेदोन म्हणजे शुक्रवारची रात्र, हे आता मला कळलंय. मोतीरामभाऊंच्या गाडीत मी बसणार आहे. त्यांना फोन करून तू म्हणालीस की अक्काला घेऊ नका, तर मी एसटीनं येईन, वाट विचारत येईन, तोंड आहे मला. बाहेर लोखंडी कठडा असतो म्हणे, तिथं उभी राहीन. पिवळ्या झेंडूची माळ हातात असेल, म्हणजे गर्दीत ओळखायला सोपं. मी जाड झालेय आणि केस पिकलेत. मला बघून तू मान वळवून गाडीत बसलीस तरी चालेल, मी काही बोलणार नाही, बोलून बघितलंय मी. आणि समजा परत काही घोटाळा झाला, वार इकडचा तिकडं झाला, शुक्रवारी तू दिसलीच नाहीस, तर मोतीरामभाऊंनी खुशाल परत जावं, मी शनिवारची रात्रही तिथंच उभी राहणार आहे. दोन्ही रात्री. ह्या खेपेला कुठलीही रात्र खरी निघू दे, दारात तुझं माणूस असेल. घरातून निघताना केरसुणी माळ्यावर टाकून येईन आणि सुनेला बजावून ठेवीन, केर काढू नको, किती का घाण होईना. आम्ही दोघी घरी पोचू, तेव्हा काढू.

तुझीच, ह्या वेळी आधी येऊन थांबलेली,
अक्का